दाविद मिस्त्री आणि तेल पिणारी घरगाडी

माझ्या हातांचा वास घेणारा माणूस मला आजवर एकच भेटला. नेवाशात, फाट्याकडून येणाऱ्या रस्त्यावर, रसवंतीला लागून असलेल्या पत्र्याच्या गॅरेजात. मी गाडीतून उतरून नमस्कार केला, तर दाविद मिस्त्रींनी माझे जोडलेले हात तसेच धरले, नाकाजवळ नेले आणि सोडून दिले.

"साबनाचा वास येतोय," ते म्हणाले. "ड्रायव्हर मानूस दुपारी चारला साबनानं हात कशाला धुतो?"

"जेवलो जी आत्ता."

"काय खाल्लं?"

"पोळी-भाजी."

त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. "मेथी," म्हणाले आणि मान हलवली. निदान तेवढ्यापुरता तरी मी खरा निघालो होतो.

सत्तरीला टेकलेला, बारीक अंगाचा माणूस. चष्म्याची एक दांडी गेलेली, तिच्या जागी तार. खाकी शर्टाच्या खिशात दाढीचा लहान आरसा. तो दाढीसाठी नव्हता, इंजिनाच्या मागची बाजू बघण्यासाठी होता. साखर कारखान्याच्या वर्कशॉपला उभं आयुष्य घालवून त्यांनी हे गॅरेज टाकलेलं. आम्ही तिथे पोचलो तो गुरुवार होता, आणि रविवारी माझी नोकरी जाणार होती.

तेवढं आधी सांगायला हवं. मी देवरीकडचा. गोंदिया जिल्हा, पलीकडे छत्तीसगड लागतो. सातवीत शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. घरी आई, बायको, दोन मुली. इकडून घरी जायचं तर एक रात्र आणि वर अर्धा दिवस जातो, त्यामुळे जाणं वर्षातून एकदा. पुण्याच्या एका साहेबांकडे मी दीड वर्ष होतो. साहेब आणि मॅडम दोघंही निवृत्त. साहेबांना जुन्या बारवांचे फोटो काढायचा नाद. त्यासाठी त्यांनी एक वीस वर्षांची मिनीबस घेतलेली, जिच्या आत आधीच्या मालकानं दोन पलंग, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी असं सगळं घर बसवलं होतं. घरगाडी. दोघं मागे झोपायचे, मी पुढे ड्रायव्हरच्या सीटमागच्या फळीवर. गावात शिरलो की लोक गोळा व्हायचे. कुणाला वाटायचं रक्त घ्यायला आले, कुणाला वाटायचं जमीन मोजायला आले. खिडकीतून मॅडम कुकर लावताना दिसल्या की लोकांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा.

ही गाडी दिवाळीनंतर तेल प्यायला लागली. डिझेल नव्हे, इंजिनातलं तेल. रोज सकाळी मी इंजिनातली तेल मोजायची काडी काढून बघायचो, तेल कमी. अर्धा लिटर घालायचो. दुसऱ्या दिवशी परत कमी. राजूरकडच्या डोंगरात मुक्काम होता तेव्हा तर रोज लिटरभर लागलं. मागून निळा धूर यायचा. वाटेत एका मिस्त्रीला दाखवली, तो लांबूनच म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलून नव्यानं बांधावं लागेल. साहेबांना वाटलं हा मोठं काम काढायला बघतोय. मग त्यांना वाटलं, यानं ड्रायव्हरशी संगनमत केलं असेल. मग त्यांना वाटायला लागलं, की इंजिन ठीक आहे आणि तेल मीच विकतोय.

जुन्या गाडीवरचा ड्रायव्हर तेल विकतो हे काही खोटं नाही. मी विकलं नव्हतं, पण विकणारे माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे साहेबांना वेडं म्हणायची सोय नव्हती. एक दिवस तेलाच्या डब्यावर पेनाची बारीक रेघ दिसली. आतलं तेल कुठवर आहे त्याची साहेबांनी केलेली खूण. त्यानंतर मी डब्याला हात लावताना माझाच हात चोराचा वाटायचा. आणि त्या गुरुवारी गाडी चालवताना मागून साहेबांचा दुसऱ्या कुणा ड्रायव्हरशी चाललेला फोन ऐकू आला. "रविवारी सकाळी नगरला ये. हो, याला मी सोडतोय." मॅडम हळू बोला म्हणत होत्या.

आता मिस्त्रींकडे येतो.

त्यांच्या गॅरेजात सिमेंटची एक फरशी होती. गाडी तिच्यावरच घ्यायची, इंचभर इकडेतिकडे चालणार नाही. "ही फरशी मी पान्याची नळी लावून लेव्हल केलेली हाय," ते साहेबांना म्हणाले. "तालुक्यात एवढीच जागा सपाट हाय. बाकी समदी भूमी लबाड."

गाडी फरशीवर घेतली, इंजिन बंद केलं, तेल खाली बसू दिलं. मग त्यांनी काडी काढली, पुसली, परत घातली, काढली. चष्मा वर करून बघितलं. मग ती काडी साहेबांच्या तोंडासमोर धरली. तेल पूर्णच्या खुणेच्याही वर बोटभर चढलेलं होतं.

"तेल कमी हुतंय म्हनता," ते म्हणाले. "काडी तर जास्ती दाखवती. म्हंजे कोन तरी खोटं बोलतंय. काडी, न्हाईतर सायब, न्हाईतर ड्रायव्हर."

"यात माझं नाव कशाला?" साहेब म्हणाले.

"गाडी तुमची हाय ना? मग नाव बी तुमचंच आधी यायचं."

साहेबांचा चेहरा उतरला. मला आतून बरं वाटलं, आणि लगेच भीती वाटली, कारण मिस्त्री माझ्याकडे बघत होते. ते बघणं अजून आठवतं. रागाचं नव्हतं. नट किती आटे फिरलाय ते माणूस जसा बघतो, तसं.

"समद्यांवर संशय घ्यायचा," ते म्हणाले, "पन पाळीपाळीनं. आधी लोखंड. मग माप. मानूस शेवटाला. लोखंडाला वाईट वाटत न्हाई."

त्या रात्री साहेब-मॅडम लॉजवर गेले. मला मिस्त्रींनी गाडीत झोपू दिलं नाही. मिस्त्रींच्या घरच्या पडवीत माझी गोधडी पडली, आणि गॅरेजच्या तोंडाशी त्यांनी स्वतःची बाज आडवी टाकली. मार्थामावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला भाकरी आणि झुणका वाढला. "राग मानू नको रं," त्या म्हणाल्या. "त्यांनी माझ्यावर बी संशय घेतलाय. लग्नात माझ्या वडलांनी दिलेलं घड्याळ पुढं पळायचं, तर म्हनं तूच काटा फिरवती, मला लवकर उठवायला."

"मग?"

"मीच फिरवत हुते," मावशी म्हणाल्या.

गावात मिस्त्रींच्या अशा गोष्टी पुष्कळ. बाजाराच्या दिवशी ते पिशवीत यंत्रातला एक पितळी बुश घेऊन जायचे, बरोबर पाव किलोचा. भाजीवालीनं काटा धरला की आधी त्यात बुश टाकायचे. बायका लांबूनच ओरडायच्या, "आला गं बुशवाला, तोला आधी त्याचं पितळ." नवीन फिल्टर आला की नकली तर नाही म्हणून आधी खोक्याचा वास, मग अक्षरांवरून नख. रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पाळक प्रार्थनेला डोळे मिटा म्हणाले की हे एकच डोळा मिटायचे. मी शुक्रवारी भीतभीत विचारलं, खरं का, तर म्हणाले, "मागं एकदा दोनी मिटले हुते. चपला गेल्या. देवाला दिसत हुतं, पन त्यानं काय केलं? म्हनून एक डोळा त्याच्याकडं, एक चपलांकडं." हे सांगताना हसले नाहीत. त्यांच्या लेखी ती तक्रार नव्हती, कामाची वाटणी होती.

शुक्रवारी सकाळी लोखंडाची पाळी आली. रात्रभर इंजिनाखाली पांढरे कागद पसरून ठेवले होते. ते त्यांनी उजेडात धरून एकेक तपासले. एक थेंब नाही. म्हणजे गळती नाही. मग मला गाडी चालू करायला लावली आणि स्वतः मागे धुरात उभे राहिले. लोक धुरापासून लांब सरकतात, हे आत शिरले. मग पुढे येऊन चालू इंजिनाचं तेल घालायचं झाकण उघडलं आणि तिथे तळहात धरला. बराच वेळ धरला. डॉक्टर पोटावर हात ठेवतो तसा.

"रिंगा गेल्या असत्या तर हितनं फुंकर आली आसती," ते साहेबांना म्हणाले. "धरा हात. आली का? न्हाई ना? इंजिन ठनठनीत हाय. बांधायला सांगनारा एक तर आळशी, न्हाईतर हुशार."

मग त्यांनी हवेच्या फिल्टरकडे जाणारा रबरी पाईप उघडला. तो आतून तेलानं माखलेला होता. फिल्टरही ओला. मिस्त्रींनी पाईपात बोट फिरवलं, बोट चोळलं. "तेल गेलंय हितनं," ते म्हणाले. "इंजिनानं वकलंय. जादा झालं की ते पोटात ठेवत न्हाई, हवेच्या नळीत वकतं, तेच परत आत वढलं जातं आन जळतं. निळा धूर त्योच."

"जादा?" साहेब म्हणाले. "अहो, कमी होतंय म्हणून तर आलोय."

"त्येच मला बी कळंना. म्हनून आता माप."

सगळं तेल खाली काढलं. मोजायला दुकानातलं माप त्यांना चालत नव्हतं. घरून दुधाचं लिटरचं पितळी माप आणलं. एकेक माप भरताना ते मोठ्यानं आकडा म्हणायचे आणि साहेबांनाही म्हणायला लावायचे. दहा झाले. त्या इंजिनात दहाच मावतात. तेल अजून येत होतं. अकरा. बारा. बारावर पाऊण.

मग साहेब माझ्याकडे वळले.

"कळलं," ते म्हणाले. "काल दुपारी हा हात धुवून का आला होता ते कळलं. इथे यायच्या आधी यानं डबा ओतला. आधी विकायचं, आणि तपासणीच्या दिवशी भरून ठेवायचं. शिकलेला नाही, पण डोकं आहे."

मला बोलता येईना. माझं असंच होतं. शाळेतही मास्तरांनी विचारलं, वही कुठाय, तर वही दप्तरात असून मी रडायचो. मी म्हणालो, "नाही जी. अर्धाच लिटर घातलं होतं. सकाळी. रोजच्यासारखं." ते बोलणं मलाच खोटं वाटलं.

मिस्त्रींनी माझी बाजू घेतली नाही. तेल गाळलं, दुधाच्या मापानं बरोबर दहा मापं परत ओतली, थांबले, काडी घातली. तेल पूर्णच्या खुणेवर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

"काडी खरी हाय," ते म्हणाले. "लोखंड सुटलं. माप सुटलं." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता मानूस."

दुपारी ते देवळाच्या कमिटीला गेले. जाताना मावशींना सांगून गेले, याच्यावर ध्यान ठेव. मावशींनी ध्यान ठेवलं म्हणजे चहा ठेवला. तेव्हा त्यांनी मला बबनची गोष्ट सांगितली.

बबन म्हणजे मिस्त्रींचा फिटर. बारा वर्षं हाताखाली होता, त्याला मिस्त्रींनीच शिकवलेलं. एक दिवस बोल्ट मापात आवळायचा भारी पाना सापडेना. आदल्या दिवशी तो बबनच्या हातात होता. मिस्त्रींनी लोखंड बघितलं नाही, माप बघितलं नाही, थेट माणसावर गेले. चार लोकांत विचारलं. बबननं हात पुसले, डबा उचलला आणि निघून गेला. चाकणला कामाला लागला. वर्षानं, तेव्हा दुरुस्त होऊन गेलेला उसाचा एक ट्रॅक्टर परत कामाला आला, त्याच्या बॅटरीखालच्या खाचेत तो पाना निघाला. बबननं नव्हे, मिस्त्रींनी स्वतःच तिथे ठेवलेला.

"मग?" मी विचारलं.

"मग पाना पिशवीत घालून चाकनला गेले. मी बी गेल्ते संगं. बबननं खुर्ची दिली, चहा पाजला, पोरांना पाया पडायला लावलं. पान्याचं कायबी बोलला न्हाई. यष्टीत बसल्यावर हे मला म्हनले, त्यानं शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं."

मावशींनी कप उचलले. "तवापास्नं ही पाळी लावली त्यांनी. लोखंड, माप, मग मानूस. संशय काय सुटला न्हाई. रांगंत लावला एवढंच."

मिस्त्री परतले ते दुकानातून नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेऊन. मावशी बघत राहिल्या. त्यांनी तेलाच्या झाकणावर आणि त्याच्या कडेवर मिळून एक लाल रेघ ओढली, काडीच्या मुठीवरून नळीवर दुसरी. रंग न मोडता आता कुणालाही तेल घालता किंवा काढता येणार नव्हतं. खाली, जिथून तेल काढतात त्या चेंबरच्या बोल्टलाही लावला.

"जा आता मुक्कामाला," ते म्हणाले. "रोज जशी लावता तशीच गाडी लावा. जसे झोपता तसेच झोपा. सकाळी सहाला मी येतो. तवर इंजिनाला हात लावायचा न्हाई. सायब, तुमी बी न्हाई."

"मी कशाला लावू?"

"त्येच ड्रायव्हर बी म्हनतोय."

प्रवरेच्या काठाला, पुलापासून थोडं वरच्या अंगाला आम्ही गाडी लावली. सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना मिस्त्रींची मोटारसायकल आली. साहेब शाल पांघरून दारात बसले होते. मिस्त्रींनी आधी तिन्ही लाल रेघा बघितल्या, आरसा लावून खालचीही बघितली. शाबूत होत्या. मग मला म्हणाले, "रोज सकाळी उठल्यावर काय करतो ते कर. मी हितं न्हाई असं समज."

मी काय करायचो? उठून तोंड धुवायचो, बोनेट उघडायचो, काडी काढायचो. माझ्या पहिल्या उस्तादानं ट्रकवर शिकवलं होतं: इंजिन थंड असताना, गाडी हलवायच्या आधी, सगळ्यात पहिलं काम तेल. पंधरा वर्षं मी तो नियम पाळला. वहीतलं सगळं विसरलो, हे नाही विसरलो. मी रंगाची रेघ मोडली, काडी काढली, पुसली, घातली, काढली.

तेल खालच्या खुणेच्याही खाली.

काल संध्याकाळी ह्याच काडीवर पूर्ण होतं. झाकणाची रेघ शाबूत, बोल्टची शाबूत. साहेब उठून उभे राहिले. "हे कसं शक्य आहे? मिस्त्री, तुम्ही दोघं मिळून..."

मिस्त्री ऐकत नव्हते. ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. चाकाखाली लाकडी ठोकळा होता. ते उठून पलीकडच्या चाकाशी गेले. तिथेही ठोकळा.

"हे काय?"

"साहेबांना झोपताना डोक्याकडून उंच लागते जी," मी म्हणालो. "डोकं इकडे इंजिनकडे येते. म्हणून पुढची चाकं ठोकळ्यावर घेतो. मोठा उतार असला की दोन-दोन."

"रोज?"

"रोज."

"आन काडी ठोकळ्यावर असतानाच बघतो? रोज?"

"गाडी हलवायच्या आधी बघायचं असते ना जी."

मिस्त्री मॅडमना हाक मारून म्हणाले, "बाई, एक ताट द्या. थोडं पानी घालून."

मॅडमनी स्टीलचं ताट दिलं. मिस्त्रींनी ते साहेबांसमोर धरलं, आणि साहेबांकडची कड किंचित उचलली. पाणी सरकून पलीकडच्या कडेला गेलं. अलीकडे ताट कोरडं पडलं. कोरड्या जागी त्यांनी बोट टेकवलं. "काडी हितं उतरती. तेल पार मागं जाऊन बसलंय. ह्यो सकाळी बघतो, कमी. घालतो अर्धा लिटर. तुमी चहा पिता, ठोकळे काढता, गाडी सपाट हुती, तेल पुढं येतं. आता ते जादा झालं. इंजिन वकतं, जाळतं. परत दुसऱ्या दिवशी ठोकळा, परत कमी, परत अर्धा लिटर. आवं, गाडी तेल पीत न्हाई. ह्यो पाजतोय."

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. "दिवाळीनंतर," त्या साहेबांना म्हणाल्या. "तुमची ॲसिडिटी. डॉक्टरांनी डोकं उंच ठेवायला सांगितलं ते दिवाळीनंतरच."

आम्ही ठोकळे काढले. गाडी वरच्या डांबरी रस्त्यावर, सपाट जागी नेली. मिस्त्रींनी घड्याळ लावून दहा मिनिटं थांबवलं. त्या दहा मिनिटांत मी देवरीच्या देवीला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही. काडी साहेबांनी स्वतः काढली. पूर्ण.

त्यांनी काडी पुसून परत घातली. मग म्हणाले, "म्हणजे याच्या मूर्खपणामुळे मी दोन महिने..."

"मूर्खपना म्हना," मिस्त्री म्हणाले. "चोरी म्हनू नका. ते दोन येगळे शब्द हायेत. आन मूर्खपना बी निम्मा ह्याचा, निम्मा तुमच्या उशीचा."

"बरं, ठीक आहे. मी बघतो."

"काय बघता?"

"त्या दुसऱ्या ड्रायव्हरला सांगतो नंतर."

मिस्त्रींना त्या फोनबद्दल कुणी सांगितलं होतं? मी मावशींना सांगितलं होतं, चहा पिताना. "नंतर न्हाई," ते म्हणाले. "आत्ता लावा. हितं. आन आवाज बाहेर येऊ द्या, आमाला बी ऐकू द्या."

साहेब पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांना असं कुणी बोललं नसेल. त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम ताटातलं पाणी गवतावर टाकत होत्या. साहेबांनी फोन लावला. पलीकडचा माणूस झोपेत होता. "उद्या येऊ नकोस," साहेब म्हणाले. "नाही, गरज नाही. आमचा आहे तोच राहणार आहे." मिस्त्री फोनच्या जवळ कान नेऊन पलीकडचा "बरं साहेब" पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

परत गॅरेजकडे जाताना ते माझ्या शेजारी पुढे बसले. मोटारसायकल साहेबांनी चालवत आणली, त्यांचीच हौस. मी म्हणालो, "तुमचे उपकार आहेत जी. लेकरांचं पोट..."

"उपकार बिपकार काय न्हाई. मी बी तुझ्यावर संशय घेतला हुता. काडी वर दिसली तवाच घेतला."

"मग?"

"मग काय. तुझी पाळी आली आन गेली." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "उस्तादानं शिकवलं ते बराबर हुतं. त्याचा ट्रक सपाट उभा ऱ्हायचा म्हनून जागंचं सांगायचं त्याच्या ध्यानात आलं न्हाई. शिकवनारा सांगायचं इसरतो ते शिकनाऱ्याच्या डोक्यावर बसतं." हे त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं. मला वाटतं ते फक्त उस्तादाबद्दल बोलत नव्हते.

गॅरेजात आम्ही तेलकट पाईप आणि फिल्टरचं भांडं डिझेलनं धुतलं आणि उन्हात वाळत घातलं. साहेब-मॅडम गावातलं जुनं देऊळ बघायला गेले. तेवढ्यात मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. घोडेगावला भाचीचं लग्न होतं, साडेअकराचं. मिस्त्रींनी हातपाय धुतले, पांढरा शर्ट चढवला, केसांना पाणी लावलं. मला म्हणाले, "पाईप वाळला की बसव. क्लिपा आवळ. नवीन फिल्टर टाक, खोक्यात हाय, मी बघितलाय. आन निघा. आमची वाट बघू नका."

"आणि गॅरेज जी?"

"जाताना पत्रा लोटून घे."

मी आत नजर फिरवली. भिंतीवर पाने, बॉक्स, ग्राइंडर, बॅटऱ्या. कोपऱ्यात नव्या तेलाचे सहा डबे.

ते मोटारसायकलवर बसले, मावशी मागे एका अंगाला बसल्या, मांडीवर आहेराची पिशवी. रसवंतीच्या पुढे, वळणाशी, गाडी थांबली. मी बसलो होतो तो खोका सोडून उभा राहिलो. वाटलं, आले परत. मी हात अंगापासून लांब धरले, काही घेतलेलं नाही हे लांबूनच दिसावं म्हणून.

मिस्त्री खाली उतरले. मावशींचा पदर साखळीकडे ओढला जात होता. त्यांनी तो सोडवला, झटकला, मावशींच्या कमरेला नीट खोचून दिला. मावशी काहीतरी बोलल्या, बहुतेक काळा डाग पडल्याचं. मिस्त्री गाडीवर बसले, दोन किका मारल्या, आणि दोघं वळणापलीकडे गेली. मागे कुणीच पाहिलं नाही.